मंदीची कारणं माझी, गोष्ट तुझी

सुनीती,

तुला मंडाई भागातल्या स्मशानगृहात नेलं त्या दिवशी मी खूप रडले. पण रडण्याआधी मी हॉलभर नजर फिरवून किती माणसं आली आहेत ते पाहून घेतलं. हे दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही, म्हणून तुलाच सांगते. तुमच्या कॉन्डो-सोसायटीचा वॉचमन ड्युटी बदलून आला होता. फूड सेंटरमधली कॉफीवाली आंटी दुकान बंद ठेवून आली होती आणि कोपऱ्यात उभी राहून डोळे पुसत होती. एक तमिळ आजोबा होते, त्यांना मी कधी पाहिलंही नव्हतं. आणि माझ्या मनात पहिला विचार काय आला, तर मी गेले तर एवढे लोक येतील का?

तुझा हेवा करायची मला इतकी सवय झाली होती की तू गेलीस तरी तो ठरल्या वेळी हजर झाला.

तुझा रवींद्र बोटीवरून दोन दिवसांनी पोचला होता. एवढा चीफ इंजिनिअर माणूस, आयुष्यभर बंद पडलेली यंत्रं चालू करत आला, आणि तुझ्याजवळ उभा राहून नुसता स्वतःच्या हातांकडे बघत होता. गुरुवारी सकाळी तू चहा ठेवलास आणि स्वयंपाकघरातच कोसळलीस. मेंदूत रक्तस्राव. हॉस्पिटलमध्ये तुझ्याजवळ मी होते, माझी इरा होती. दुपारपर्यंत सगळं संपलं होतं.

सात वर्षांपूर्वी इथल्या मराठी मंडळाच्या पुस्तकांच्या कपाटाशी आपण पहिल्यांदा बोललो. मी पुण्याच्या कॉलेजात चौदा वर्षं अर्थशास्त्र शिकवून इथे आलेली, बुकित तिमाहच्या एका इंटरनॅशनल स्कूलमध्ये नुकतीच लागलेली. तू होमसायन्सची पदवीधर, नवरा वर्षातले सहा-सात महिने समुद्रावर, मूलबाळ नाही. एका म्युझियममध्ये स्वयंसेवक म्हणून लोकांना माहिती सांगायचीस. 'मला तिथे एकोणीसशे तीसच्या जागतिक मंदीबद्दल कुणी विचारलं की मी पुढच्या दालनात पळते,' तू म्हणालीस. 'तू शिकवशील का मला? पण तक्ते काढायचे नाहीत.'

मग दर शनिवारी सकाळी ईस्ट कोस्टला आपलं चालणं सुरू झालं. समोर नांगर टाकलेल्या बोटींची रांग, मागून सायकलवाल्यांच्या घंट्या. पहिल्याच शनिवारी तू विचारलंस, 'मंदी का आली गं?'

मी म्हटलं, एक कारण नाही. आणि बोटांवर मोजायला लागले. पहिल्या महायुद्धाने युरोप खिळखिळा झालेला. अमेरिकेत शेतात आणि कारखान्यात गरजेपेक्षा जास्त माल तयार होत असलेला. शेअर बाजार फुगवून ठेवलेला, तो न्यूयॉर्कला कोसळला. पाठोपाठ बँका बुडाल्या. चलन सोन्याला बांधलेलं, त्यामुळे सरकारांना हात हलवता येईनात. आणि वर प्रत्येक देशाने परक्या मालावर जकात वाढवून आपापली दारं लावून घेतली, त्यामुळे व्यापार होता तोही आटला.

तू सगळं ऐकून घेतलंस. मग म्हणालीस, 'म्हणजे तिकडे अमेरिकेत एका माणसाने ठरवलं, यंदा नवी मोटार नको. मोटार नको म्हणजे टायर नको. म्हणून इथे मलायात, पहाटे उठून रबराच्या झाडाला चीर पाडायला जाणाऱ्या बाईला मुकादमाने सांगितलं, उद्यापासून येऊ नकोस. आणि तिला कळलंच नाही, आपलं काय चुकलं. असंच ना?'

असंच होतं. चौदा वर्षं मी जे फळ्यावर बाण काढून शिकवत आले, ते तू चालता चालता चार वाक्यांत सांगून टाकलंस, आणि वर मलाच विचारत होतीस, बरोबर आहे का म्हणून.

सोमवारी वर्गात मी तुझी ती चार वाक्यं जशीच्या तशी म्हटली. मुलांनी पेनं खाली ठेवली आणि माझ्याकडे बघायला लागली. एका मुलीने विचारलं, 'देन व्हॉट हॅपन्ड टु हर?' मला माहीत नव्हतं. मी त्यांना तुझं नाव सांगितलं नाही, आणि तुलाही कधी सांगितलं नाही की मी तुझं उचललं.

त्या बाईचं पुढे काय झालं ते शोधायला तूच गेलीस. लायब्ररीत बसून जुनी वर्तमानपत्रं वाचलीस, म्हाताऱ्या माणसांनी सांगितलेल्या आठवणींचं रेकॉर्डिंग तासन्‌तास ऐकलंस. रबराच्या मळ्यांवरची तमिळ कुटुंबं बोटीत बसवून मद्रासला परत पाठवली, हे तू मला सांगितलंस. माझ्या एकाही क्रमिक पुस्तकात ते नव्हतं. कथिलाच्या खाणी बंद पडल्या तेव्हा चिनी मजुरांची तीच गत झाली, आणि मळ्यांवरचे तरुण गोरे साहेबसुद्धा नोकरी गेल्यावर मायदेशी रवाना झाले, हेही तुझ्याकडूनच कळलं. गणपतीत मंडळात तू हे मराठीत सांगितलंस तेव्हा मागच्या रांगेतले आयटीवाले एकदम शांत झाले. एम्प्लॉयमेंट पासवर, नोकरी आहे तोवरच्या परवान्यावर, राहणाऱ्या माणसाला, काम संपलं आता परत जा, हे समजावून सांगावं लागत नाही.

कार्यक्रम संपल्यावर बायका तुझ्याभोवती जमल्या. 'सुनीतीताई, अंगावर काटा आला हो!' त्यातल्या एकीने माझ्याकडे वळून विचारलं, 'तुम्हीपण अशाच कुठल्यातरी विषयात आहात ना?'

मी हो म्हटलं आणि प्रसादाच्या रांगेत जाऊन उभी राहिले.

हे सगळं मी पचवलं असतं, सुनीती. खरंच पचवलं असतं. इराचं नाही पचलं.

इरा सोळा वर्षांची. शाळेच्या प्रोजेक्टसाठी तिने विषय घेतला मलायातली मंदी. घरात आई अर्थशास्त्राची शिक्षिका, आणि ही दर बुधवारी शाळा सुटली की बस पकडून तुझ्याकडे. मी एकदा म्हटलं, 'अगं, मला विचार की.'

'आई, यू एक्सप्लेन लाइक टेक्स्टबुक लाह,' ती इथल्या मुलांच्या इंग्रजीत म्हणाली. 'मावशी असं सांगते जसं तिलाच झालंय.'

तुझ्याकडे ती मराठी बोलायची, पण घरी बोलत नाही, हे तुला माहीत आहे का? माझ्या मराठी प्रश्नांना ती इंग्रजीत उत्तरं देते. तुझ्याकडून आली की अर्धा तास तिच्या तोंडात तुझे शब्द असायचे. 'आई, मुकादम म्हणजे सुपरवायझर ना?' तिचं प्रोजेक्ट पूर्ण झालं. आभाराच्या पानावर एकच ओळ होती: सुनीती मावशीला, जिने मला ऐकायला शिकवलं. मी ते पान दोनदा उलटून पाहिलं. मागे काही नव्हतं.

आता त्या संध्याकाळबद्दल.

तुमच्या कॉन्डोच्या फंक्शन रूममध्ये, तिथल्याच रहिवाशांसाठी, तुझं इंग्रजीतलं पहिलं मोठं भाषण होतं. तुला तुझ्या इंग्रजीची धाकधूक होती. तू बारा पानं लिहून माझ्याकडे दिलीस. 'शुभा, एकेक ओळ बघ. तिथे जुनी-जाणती माणसं असणार. माझं हसं व्हायला नको.'

मी एकेक ओळ पाहिली. आठव्या पानावर तू लिहिलं होतंस की मंदी आल्यावर सरकारने बाहेरून येणाऱ्या चिनी मजुरांवर बंधन घातलं, पुरुषांवरही आणि बायकांवरही. ते चूक होतं. बंधन आधी फक्त पुरुषांवर होतं, बायकांना मोकळीक होती. मला हे नक्की माहीत होतं, कारण आदल्याच महिन्यात मी कुठेतरी वाचलं होतं आणि मनात म्हटलं होतं, सुनीतीला सांगायला हवं. माझं पेन त्या ओळीवर थांबलं. मग मी पान उलटलं. बाराव्या पानाखाली लिहिलं, 'छान जमलंय.'

त्या वेळी मी स्वतःला सांगितलं की माझी तेवढी खात्री नाही. खोटं होतं ते. मला तुला एकदा, फक्त एकदा, सगळ्यांसमोर अडखळताना पाहायचं होतं. इरासमोर.

तू आठव्या पानावर आलीस, ते वाक्य म्हणालीस, आणि दुसऱ्या रांगेतून एक हात वर आला. तुमच्या चौथ्या मजल्यावरच्या मिसेस लिम, ऐंशीच्या पुढच्या, पांढरे केस अगदी बारीक कापलेले. त्या सावकाश उभ्या राहिल्या. 'नो, नो,' त्या म्हणाल्या. 'ओन्ली द मेन. पुरुषांना अडवत होते, म्हणून तर गावाकडून बायका आल्या. माझी आई तशीच आली.'

मी तुझ्याकडे पाहत होते. तू हातातल्या कागदांकडे पाहिलंस, मग त्यांच्याकडे. आणि तुझा चेहरा उजळला. तुझं चुकलं होतं आणि तुझा चेहरा उजळला, सुनीती! 'आय ॲम रॉंग,' तू म्हणालीस. 'प्लीज, तुम्ही इथे या.' तू स्वतः जाऊन त्यांना हाताला धरून पुढे आणलंस, खुर्चीत बसवलंस, माइक त्यांच्या हातात दिलास आणि आपण त्यांच्या पायाशी खाली जमिनीवर बसलीस.

त्या पाऊण तास बोलल्या. डोक्याला लाल फडकं बांधून, खांद्यावरच्या काठीला दोन्हीकडे टोपल्या लटकवून बांधकामावर माती वाहणाऱ्या बाईबद्दल. 'तिने मला जन्म दिला नाही,' त्या म्हणाल्या. 'तिने लग्नच केलं नव्हतं. मला दुसऱ्या कुणाकडून घेतलं आणि वाढवलं. बट शी इज माय मदर.' हे ऐकताना इराचे डोळे भरून आले होते, आणि ती तुझ्याकडे बघत होती.

लोक अजूनही त्या संध्याकाळबद्दल बोलतात. ती माझ्यामुळे झाली असं म्हणायला हरकत नाही.

नंतर इरा तुझ्या फायली घेऊन पुढे गेली आणि लिफ्टमध्ये आपण दोघीच होतो. तू आकड्यांकडे बघत विचारलंस, 'आठवं पान तू वाचलं होतंस ना?'

'वाचलं होतं. नजरेतून सुटलं असेल.'

'तुझ्या नजरेतून?'

लिफ्टचं दार उघडलं. 'चल, चहा घेऊन जा,' तू म्हणालीस, नेहमीच्याच आवाजात.

आपले शनिवार चालूच राहिले. तू तशीच हसायचीस, तशीच वाद घालायचीस. मंदीचं खरं कारण भीती, हा तुझा हट्ट होता. 'माणसं घाबरली म्हणून थांबली. बाकी सगळं तू सांगतेस ते कसं झालं ते आहे, का झालं ते नाही.' मी म्हणायचे, बँक बुडते म्हणून माणूस घाबरतो, भीती हा परिणाम आहे. तू म्हणायचीस, 'आणि माणसं घाबरून रांगा लावतात म्हणून चांगली बँकसुद्धा बुडते, त्याचं काय?' एकदा यावरून आपण बस येईपर्यंत एकमेकींशी बोललो नाही. सगळं पूर्वीसारखं होतं. फक्त त्यानंतरच्या आठ महिन्यांत तू मला तुझं एकही पान वाचायला दिलं नाहीस. प्रश्न विचारायचीस, उत्तर ऐकायचीस, लिहून घ्यायचीस. कागद दाखवायची नाहीस. त्यावरून मला कळलं की तुला कळलं आहे. आणि मी वाट बघत राहिले, तू विचारशील म्हणून. तू भांडली असतीस तर मी कबूल केलं असतं. असं मी म्हणते आहे खरं. केलं असतं का, देव जाणे.

बुधवारी दुपारी तुझा फोन आला होता. मी पेपर तपासत होते. 'शुभा, एक अडलंय. मंदीत सगळं स्वस्त झालं म्हणतात. स्वस्ताई तर चांगली ना? मग लोक उपाशी का?' मी म्हटलं, 'शनिवारी सांगते गं, आत्ता गडबडीत आहे.' तू म्हणालीस, 'बरं बाई.' तुझे माझ्याशी बोललेले शेवटचे दोन शब्द.

आता सांगते. माल पडून राहतो म्हणून भाव उतरतात. भाव उतरले की कारखानदार माणसं कमी करतो. काम गेलेला माणूस स्वस्त तांदूळसुद्धा घेऊ शकत नाही. आणि ज्याचं काम टिकलंय तो म्हणतो, थांबू, पुढच्या महिन्यात अजून उतरेल, आणि उद्याचा काय भरवसा. तोही घेत नाही. म्हणून माल आणखी पडून राहतो. सगळे थांबतात, आणि थांबल्यामुळेच सगळं आणखी बिघडत जातं. हे लिहिताना माझ्या लक्षात येतंय की यात तुझी भीती आहेच, अगदी मधोमध. शनिवारी हे सांगितलं असतं तर तू टाळी मागितली असतीस, आणि मी दिली नसती.

तुझ्या तेराव्याला रवींद्रने विचारलं की पुढच्या भाषणाचं काय करायचं. लिफ्टमध्ये तुझं पोस्टर तसंच लागलेलं होतं, ते काढायला त्याचा हात होत नव्हता. त्याने माझ्याकडे पाहून विचारलं. मी तोंड उघडायच्या आत इरा म्हणाली, 'मी करते, काका.'

घरी येताना एमआरटीच्या मेट्रोत ती मला म्हणाली, 'मावशी म्हणायची, आईला सगळं माहितेय, तिच्याइतकं इथे कुणालाच माहीत नाही. शी ऑलवेज सेड दॅट.'

मला बसवेना. पुढच्या स्टेशनला मी तिला घेऊन उतरले आणि प्लॅटफॉर्मवरच्या बाकावर तिला सगळं सांगितलं. आठवं पान, पेन, 'छान जमलंय', लिफ्ट. दोन गाड्या येऊन गेल्या. इराने मध्ये एकदाही मला तोडलं नाही. ऐकायला तू तिला खरंच शिकवलं आहेस.

'व्हाय?' तिने विचारलं.

'हेवा वाटत होता मला तिचा.'

'कशाचा?'

'सगळ्याचा. तुझा.'

ती उठली आणि आलेल्या गाडीत जाऊन बसली. तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिच्या बाबांनी मला विचारलं, काय झालं, मी म्हटलं, आमचं आम्ही बघू. चौथ्या दिवशी संध्याकाळी मी भाजी चिरत होते. ती येऊन ओट्याजवळ उभी राहिली. हातात कागद होते, तुझ्या टिपणांवरून तिने लिहिलेले.

'चेक करशील?' ती म्हणाली. आणि मी हात पुसत असताना, माझ्याकडे न बघता, 'बट प्रॉपरली, ओके?'

मी प्रॉपरली केलं, सुनीती. चार चुका सापडल्या. चारही सांगितल्या. त्यातल्या दोन चुकांवर ती माझ्याशी कडाकडा भांडली, आणि एकीच्या बाबतीत तिचंच बरोबर निघालं. भाजी करपली.

तुझी माफी मागावी असं फार वाटतं, पण माफी मागितली की समोरच्याने काहीतरी म्हणायचं असतं, आणि तू काही म्हणणार नाहीस. म्हणून जे झालं ते फक्त लिहून ठेवलं. एवढं मात्र तुला सांगायला हवं होतं, लिफ्टचं दार उघडायच्या आत, की माझ्या इतक्या वर्षांच्या शिकवण्याला माणसांचे चेहरे तू दिलेस. त्यासाठी मी तुझी ऋणी होते आणि त्यासाठीच तुझ्यावर जळत होते. दोन्ही एकाच वेळी, दर शनिवारी, तुझ्या शेजारून चालताना.

परवा शनिवारी इराचं भाषण आहे. मी पुढच्या रांगेत बसणार आहे. ती बोलायला लागली की आजूबाजूचे लोक एकमेकांना म्हणतील, अगदी सुनीतीसारखी बोलते ही. मला ते ऐकवणार नाही. तरी ऐकायला मी जाणार आहे.

शुभा